लक्षण आणि लक्ष्य : बीडरमायर फर्निचरशैलीची ओळख आणि एका वाङ्मयीन संज्ञेचा प्रवास

१

युरोपीय फर्निचरच्या इतिहासातील बहुतेक शैलींना त्यांची नावे राजांवरून, राजवटींवरून किंवा कारागिरांवरून मिळाली आहेत. लुई चौदावा, एम्पायर, रीजन्सी, चिपेंडेल ही नावे ऐकताच सत्ता किंवा कार्यशाळा डोळ्यांसमोर उभी राहते. १८१५ ची व्हिएन्ना परिषद आणि १८४८ ची क्रांती यांच्या दरम्यान जर्मन भाषक प्रदेशांत जी फर्निचरशैली रुजली तिचे नाव मात्र एका कवीवरून आले आहे, आणि हा कवी कधीच अस्तित्वात नव्हता. गॉटलीब बीडरमायर हा श्वाबियातील खेडेगावचा शाळामास्तर. साधा, समाधानी, आपल्या परसदारापलीकडील जगाची फारशी चौकशी न करणारा. त्याला जन्म दिला तो लुडविग आइखरोट हा कायदेपंडित आणि आडोल्फ कुसमाउल हा वैद्य या दोघा मित्रांनी. म्यूनिकच्या 'फ्लीगेंडे ब्लेटर' या विनोदी साप्ताहिकात १८५५ पासून या मास्तराच्या नावावर कविता प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांतील काही साम्युएल फ्रीडरिश साउटर या खऱ्याखुऱ्या ग्रामीण शिक्षकाच्या भाबड्या कवितांवर बेतलेल्या होत्या, तर काही निव्वळ विडंबने होती. 'बीडर' म्हणजे सरळमार्गी, भला; 'मायर' हे जर्मन भाषेतील सर्वसामान्य आडनाव. मराठीत 'भोळेगुरुजी' म्हणावे तसाच हा प्रकार.

विडंबनातील हे नाव विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फर्निचरला चिकटले, फर्निचरवरून चित्रकलेला आणि अंतर्गृहसजावटीला लागले, आणि तेथून पुन्हा वाङ्मयेतिहासात परतले. परंतु परतताना ते विडंबन राहिले नव्हते, कालखंडवाचक संज्ञा झाले होते. साहित्याकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून पुन्हा साहित्याकडे असा हा प्रवास तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शैलीची लक्षणे वस्तूत असतात की नावात, हा प्रश्न या प्रवासातून उभा राहतो. कपाट ओळखताना झालेली चूक एका कपाटापुरती राहते. तीच चूक कालखंडाच्या संज्ञेत शिरली की अनेक भाषांतील लेखक तिच्या साच्यात कोंबले जातात.

२

भारतीय न्यायपरंपरेने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. लक्ष्याच्या काही भागाला लागू न होणारे लक्षण अव्याप्त, लक्ष्याबाहेरही लागू होणारे ते अतिव्याप्त, आणि लक्ष्यात कोठेच न आढळणारे ते असंभवी. गाय म्हणजे तांबूस जनावर, गाय म्हणजे शिंगे असलेले जनावर, गाय म्हणजे एकच खूर असलेले जनावर, ही न्यायग्रंथांतील परिचित उदाहरणे अनुक्रमे या तीन दोषांची आहेत. बीडरमायर फर्निचरच्या प्रचलित वर्णनांना ही कसोटी लावली असता अनेक गोष्टी स्पष्ट होतात.

या वर्णनांत सर्वप्रथम येते ते फिक्या रंगाचे लाकूड. चेरी, नाशपाती, अ‍ॅश, बर्च, मेपल, अक्रोड अशी युरोपातच मिळणारी लाकडे आणि त्यांच्या मधाळ, उबदार छटा हे या शैलीचे सर्वांत लोकप्रिय लक्षण आहे. दक्षिण जर्मनीपुरते ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु उत्तर जर्मनीतील बंदरशहरांत आणि बर्लिनमध्ये याच काळात महोगनीला मोठी मागणी होती, आणि व्हिएन्नातही महोगनी वर्ज्य नव्हती. फिके लाकूड हेच लक्षण मानले तर उत्तरेकडील अस्सल वस्तू बाहेर पडतात. ही अव्याप्ती. उलटपक्षी फ्रान्समध्ये पुनःस्थापित बूर्बाँ राजवटीत, विशेषतः दहाव्या शार्लच्या कारकिर्दीत (१८२४–१८३०), फिक्या लाकडांचीच अभिरुची प्रबळ होती. त्या लाकडात गडद रंगाची नाजूक जडावनक्षी करीत. म्हणजे तेच लक्षण अतिव्याप्तही ठरते.

दुसरे लक्षण अलंकरणाचा संकोच. एम्पायर शैलीतील सोनेरी मुलाम्याचे कांस्य अलंकार, स्फिंक्स, गरुड, विजयदेवता येथे गळून पडतात. उरतात त्या स्वच्छ भौमितिक पातळ्या, क्वचित काळ्या रंगाने आबनुसासारखे केलेले स्तंभ, किल्लीच्या भोकाभोवती हाडाची किंवा पितळेची लहानशी ढालीच्या आकाराची चकती. अनेक ड्रॉवरयुक्त कपाटांना मुठीही नसतात; किल्ली हीच मूठ, तीच फिरवून खण ओढायचा. हे लक्षण अधिक नेमके आहे, पण तेही एकटे पुरेसे नाही. कारण अलंकाराचा अभाव हे नकारात्मक लक्षण होय, आणि अभावावरून ओळख पटवणे नेहमीच धोक्याचे असते. इंग्लंडमध्ये हेपलव्हाइट आणि शेरेटन यांच्या नमुना-पुस्तकांनी संयत रेषांची अभिरुची आधीच घडवली होती, आणि बेर्तुख यांच्या वायमारच्या नियतकालिकाने १७८६ पासून इंग्रजी वळणाचे नमुने जर्मन वाचकांसमोर ठेवले होते. साधेपणाचा उगम १८१५ मध्ये शोधणाऱ्याला ही पूर्वपीठिका विसरता येत नाही.

तिसरे लक्षण वर्णनांत तुलनेने कमी येते, पण सर्वांत महत्त्वाचे तेच आहे : लाकडाची रेषाकृती हाच अलंकार होणे. स्वस्त पाइन किंवा स्प्रूस लाकडाच्या सांगाड्यावर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवला जाई. एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून शेजारी बसवले की मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचे प्रतिबिंब उमटते. लाकडातील ज्वालेसारखी नक्षी दुप्पट आणि सममित होते. उत्कृष्ट नमुन्यांत ही ज्वाला कपाटाच्या तळच्या खणापासून वरच्या खणापर्यंत अखंड चढत जाते. खणांमधील फटी तिला तोडत नाहीत. अलंकार वस्तूवर बाहेरून लादलेला नाही, तो द्रव्यातच आहे आणि कारागिराने तो केवळ मांडला आहे, असा हा विचार आहे. लाखेच्या पॉलिशचे असंख्य पातळ थर चढवून पृष्ठभाग आरशासारखा केला की ही रेषाकृती अधिकच खोल दिसू लागते. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ही शैली 'मायभूमीच्या लाकडांची', 'घरगुती' म्हणून गौरवली गेली. परंतु ज्या चपडा लाखेवर तिची चकाकी अवलंबून होती ती भारतातून जाणाऱ्या व्यापारातून येत होती, आणि महोगनी तर अटलांटिकपलीकडून. अत्यंत घरगुती वाटणाऱ्या शैलीचे द्रव्यही जागतिक व्यापाराच्या जाळ्यातूनच येते.

चौथे लक्षण एका वस्तूचे नव्हे तर वस्तूंच्या परस्परसंबंधाचे आहे. पूर्वीच्या दरबारी दालनांत फर्निचर भिंतींना लागून उभे असे. बीडरमायर खोलीत सोफा, गोल मेज आणि खुर्च्या यांचा एक गट तयार होतो. खिडकीपाशी शिवणकामाचे लहान मेज आणि खुर्ची यांचा दुसरा. लिहिण्याच्या जागेचा तिसरा. खोली म्हणजे अशा बेटांचा समूह. त्या काळी खोल्यांची जलरंगातील चित्रे काढून घेण्याची मोठी हौस होती आणि ही मांडणी त्यांतून निःसंदिग्धपणे दिसते. याच चित्रांतून आणखी एक गोष्ट कळते : भिंतींचे कागद आणि गाद्यांची कापडे भडक होती, गर्द निळी, हिरवी, पिवळी. आज संग्रहालयांत दिसणारा सौम्य, विरक्त साधेपणा अंशतः रंग उडाल्याचा परिणाम आहे.

३

वस्तूची ओळख पटवणारा तज्ज्ञ दर्शनी बाजूवर थांबत नाही. तो खण बाहेर काढून उलटा करतो. हाताने कापलेले डव्हटेल सांधे एकसारखे नसतात. हाताच्या करवतीने काढलेला पापुद्रा जाड आणि किंचित असमान असतो, यंत्राने सोललेला कागदासारखा पातळ. मागची फळी, स्क्रूचे आटे, कुलपाची जागा, खण सरकून झालेली झीज यांवरून वस्तूचे वय कळते. ही तपासणी अपरिहार्य ठरते, कारण १९०० च्या सुमारास या शैलीचे मोठे पुनरुज्जीवन झाले. १८९६ मध्ये व्हिएन्नात परिषदेच्या काळावरचे प्रदर्शन भरले. योझेफ आउगुस्ट लुक्स यांनी बीडरमायरला नव्या पिढीचा शिक्षक म्हटले. पाउल मेबेस यांच्या 'उम १८००' या १९०८ च्या ग्रंथाने वास्तुकारांना त्या काळाकडे वळवले. ऐतिहासिक शैलींच्या उसन्या वैभवाला विटलेल्या आधुनिकांना आपला एक प्रामाणिक पूर्वज हवा होता, आणि तो त्यांना येथे सापडला. मग नव्या कार्यशाळांतून 'दुसरे बीडरमायर' तयार होऊ लागले. त्यात फिके लाकूड अधिक फिके आहे, काळे स्तंभ अधिक काळे आहेत, सममिती अधिक काटेकोर आहे. लक्षणांची यादी समोर ठेवून पाहिले तर पुनरुज्जीवित वस्तू मूळ वस्तूपेक्षा अधिक 'बीडरमायर' ठरते.

लक्षणसूचीच्या पद्धतीची मर्यादा येथे उघड होते. जे लक्षण सहज सांगता येते ते सहज अनुकरणीयही असते. म्हणून ओळखीचे तीन स्तर वेगळे करणे आवश्यक ठरते. पहिला स्तर घडणीचा : सांधे, पापुद्रा, सांगाडा, झीज. हा साक्षीपुराव्याचा स्तर असून तो वस्तू कधीची हे सांगतो. दुसरा स्तर रूपविषयक निवडीचा : अलंकार द्रव्यात शोधणे, पृष्ठभाग अखंड ठेवणे, वस्तूंची बेटे करणे. हा शैलीचा स्तर होय. तिसरा स्तर मनोवृत्तीचा : समाधान, संकोच, कुटुंबवत्सलता, राजकारणापासून अलिप्तता. हा अन्वयार्थाचा स्तर आहे. पहिले दोन स्तर वस्तूतून वाचता येतात. तिसरा बहुधा नावातून येतो, आणि वस्तूत वाचल्याचा भास होतो.

४

दीर्घकाळ सर्वमान्य असलेली मांडणी अशी : नेपोलियनच्या युद्धांनी मध्य युरोप दरिद्री झाला, १८११ मध्ये ऑस्ट्रियाचे राज्यकोषीय दिवाळे निघाले, १८१९ च्या कार्ल्सबाद ठरावांनी अभिव्यक्तीचा कोंडमारा झाला, परिणामी मध्यमवर्ग घरात शिरला आणि त्याच्या तुटपुंज्या मिळकतीतून व दबलेल्या मनातून हे साधे, सोयीस्कर फर्निचर जन्मले. या कथनात कार्यकारणभाव सुबक आहे. मात्र त्यातील 'मध्यमवर्गीय उगम' हा दुवा कच्चा होता. २००६ मध्ये मिलवॉकी कला संग्रहालयात सुरू होऊन पुढे व्हिएन्ना, बर्लिन आणि पॅरिस येथे गेलेल्या प्रदर्शनाने हा दुवा जाहीरपणे तोडला. 'साधेपणाचा शोध' हे त्याचे सूत्र होते. हान्स ओटोमायर, क्लाउस आल्ब्रेश्ट श्र्योडर आणि लॉरी विंटर्स यांनी संपादित केलेल्या त्याच्या ग्रंथात प्रतिपादन असे होते की, साधेपणाची ही अभिरुची आधी राजघराण्यांच्या व उमरावांच्या खासगी दालनांत आकाराला आली आणि नंतर नागर मध्यमवर्गाने ती स्वीकारली. समारंभाच्या दालनात सोनेरी एम्पायर आणि राहत्या खोलीत साधे चेरी, अशी दुहेरी व्यवस्था राजवाड्यांतच होती.

उत्पादनाचा इतिहासही 'दारिद्र्यातील साधेपणा' या कल्पनेशी जुळत नाही. व्हिएन्नातील योझेफ डानहाउझर यांचा कारखाना हा त्या काळातील मोठ्या फर्निचर-उद्योगांपैकी एक होता. त्याची सुमारे अडीच हजार रेखाटने व्हिएन्नाच्या उपयोजित कला संग्रहालयात जपलेली आहेत. खुर्चीच्या पाठीची जितकी रूपे कल्पिता येतील तितकी त्यांत आहेत. गेऑर्ग युनिग्ल यांनी १८२२ मध्ये स्प्रिंगयुक्त गादीच्या सुधारणेसाठी विशेषाधिकार मिळवला. बोपार्डच्या मिखाएल थोनेट यांनी १८३० च्या दशकात थरांच्या लाकडाला वाक देऊन खुर्च्या बनवल्या आणि १८४२ मध्ये ते व्हिएन्नाला आले ते मेटर्निखच्याच निमंत्रणावरून. प्रयोगशील, बाजारपेठेची नाडी ओळखणारा, कौशल्यसंपन्न असा हा उद्योग होता. खेड्यातील शाळामास्तराच्या घरातील ओबडधोबड साधेपणा हे जर या शैलीचे लक्षण मानले, तर ते लक्ष्यात कोठेच सापडत नाही. न्यायाच्या परिभाषेत हा असंभव होय.

मग ते लक्षण आले कोठून? ते आइखरोट आणि कुसमाउल यांच्या विडंबनातून आले. शैलीला नाव मिळाले आणि नावासोबत एक माणूस मिळाला; त्या माणसाचा स्वभाव पुढे खुर्च्यांना आणि कपाटांना चिकटला. योगायोग असा की, कुसमाउल यांचे नाव वैद्यकात आजही एका लक्षणामुळेच ओळखले जाते : मधुमेही मूर्च्छेतील खोल, कष्टमय श्वसनाचे वर्णन त्यांनी १८७४ मध्ये केले. मराठीत रोगाचे 'लक्षण' आणि शैलीचे 'लक्षण' यांना एकच शब्द आहे. परंतु वैद्य लक्षणावरून रोगाकडे जातो तेव्हा रोग्याचे शरीर त्याला प्रत्युत्तर देते, निदान चुकले तर ते कळते. मनोवृत्तीचे निदान करणाऱ्या शैलीतिहासकाराला असे प्रत्युत्तर देणारे काही नसते.

५

वाङ्मयेतिहासात ही संज्ञा रूढ करण्याचा पद्धतशीर प्रयत्न दोन महायुद्धांच्या दरम्यान झाला. पाउल क्लुकहोन यांनी १९३५ मध्ये बीडरमायर ही साहित्याच्या कालखंडाची संज्ञा म्हणून मांडली. फ्रीडरिश झेंगले यांचा 'बीडरमायरत्साइट' हा त्रिखंडात्मक ग्रंथ (१९७१–१९८०) हा या विचाराचा सर्वांत विस्तृत आविष्कार होय. झेंगले यांनी १८१५ ते १८४८ हा संपूर्ण काळ, त्यातील परंपरानिष्ठांसह आणि बंडखोरांसह, एकाच तणावक्षेत्राच्या रूपाने पाहिला. व्हर्जिल नेमोयानू यांनी १९८४ च्या ग्रंथात ही संज्ञा जर्मन सीमेबाहेर नेली : क्रांतिकाळातील उत्तुंग, सर्वव्यापी स्वच्छंदतावाद १८१५ नंतर माणसाळला, लहान झाला, घरात आला, आणि ही प्रक्रिया इंग्लंडपासून पूर्व युरोपपर्यंत दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याआधी मारियो प्राझ यांनी १९५२ च्या ग्रंथात व्हिक्टोरियन कादंबरीतील नायकाचा अस्त याच संज्ञेच्या साहाय्याने समजावून घेतला होता. प्राझ हे तौलनिक अभ्यासक असून एम्पायर काळातील फर्निचरचे व्यासंगी संग्राहकही होते, आणि 'ला काझा देल्ला व्हिता' या १९५८ च्या ग्रंथात त्यांनी आपल्या घरातील वस्तूंच्या आधारे आत्मकथन केले.

या तिघांच्या पद्धतींत महत्त्वाचा भेद आहे. झेंगले संज्ञेला काळाशी बांधतात, म्हणून तिच्या पोटात परस्परविरोधी लेखक नांदू शकतात. त्यांच्याकडे अतिव्याप्तीचा धोका पत्करलेला आहे, पण तो जाणीवपूर्वक. नेमोयानू संज्ञेला प्रक्रियेशी बांधतात, 'माणसाळणे' या क्रियापदाशी. त्यामुळे ती प्रवास करू शकते. प्राझ संज्ञेला अभिरुचीशी बांधतात आणि वस्तू व कादंबरी यांच्यात सरळ साम्य पाहतात. त्यांचा डोळा तीक्ष्ण असल्यामुळे हे साम्य अनेकदा पटते, परंतु त्याची सिद्धता कशात आहे हे विचारले की उत्तर मनोवृत्तीच्या तिसऱ्या स्तरावर येऊन थांबते. येथे एक वर्तुळ पूर्ण होते. कविता बीडरमायर आहे, कारण ती त्या फर्निचरसारखी घरगुती आणि समाधानी आहे. फर्निचर समाधानी आहे, कारण ते बीडरमायर आहे. आणि ते बीडरमायर आहे, कारण एका कवितेतील मास्तर समाधानी होता. २००६ च्या प्रदर्शनाने या वर्तुळातील फर्निचरचा दुवा निखळवला असला, तरी वाङ्मयीन संज्ञेच्या फेरविचाराला त्याने जितकी चालना द्यायला हवी होती तितकी दिलेली दिसत नाही.

६

याचा अर्थ वस्तू आणि साहित्य यांची तुलना निष्फळ आहे असा नव्हे. ती दुसऱ्या स्तरावर, रूपविषयक निवडीच्या स्तरावर केली तर फलदायी ठरते. ग्रिलपार्त्सर यांची 'डेर आर्मे श्पीलमान' ही १८४८ ची दीर्घकथा पाहावी. तिच्यातील म्हातारा वादक याकोब दोन कामगारांबरोबर एका माळ्यावर राहतो. खोलीच्या मधोमध जमिनीवर खडूची जाड रेघ ओढलेली आहे. एका बाजूला कामगारांचा पसारा, दुसऱ्या बाजूला याकोबची नीटनेटकी, दरिद्री व्यवस्था. या खोलीत बीडरमायर फर्निचर नाही. असणे शक्यही नाही. तरीही बेटाचे तत्त्व तेथे आहे, आणि ते उघडे पडले आहे. सोफा आणि गोल मेज ज्या सीमेला मऊपणाने झाकतात ती सीमा येथे नुसती खडूची रेघ म्हणून उरते. घरगुती सुव्यवस्थेचा हा गौरव नाही, आणि तिचे विडंबनही नाही. तिची किंमत किती, याचा हा हिशेब आहे.

आडालबर्ट श्टिफ्टर यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. ते स्वतः जुने फर्निचर दुरुस्त करीत आणि १८५३ पासून वरच्या ऑस्ट्रियाचे वारसा-संरक्षकही होते. त्यांच्या 'डेर नाखझोमर' (१८५७) या कादंबरीतील गुलाबांच्या घरात जुन्या वस्तूंच्या पुनरुद्धाराची कार्यशाळा आहे आणि फरशी जपण्यासाठी पाहुण्यांना पायांत मऊ पादत्राणे चढवावी लागतात. माणसाने वस्तूशी जपून वागावे, ही येथे नीती आहे. ही कादंबरी शेवटपर्यंत वाचणाऱ्याला पोलंडचा मुकुट देऊ, असा उपहास हेबेल यांनी केला. रूढ संज्ञेनुसार 'नाखझोमर' ही बीडरमायरची परिपूर्ती ठरते. पण ती १८४८ नंतर लिहिली गेली, आणि तिच्यातील गौरवास्पद फर्निचर हे बीडरमायर नसून त्याहून कितीतरी जुने आहे. म्हणजे ही कादंबरी शैलीचा आविष्कार नसून पुनरुद्धाराचे चिंतन आहे. तिच्या वाक्यरचनेतील विलक्षण संथपणा, वस्तूच्या कडेकडेने सरकणारे वर्णन, अलंकार टाळून द्रव्यातील रेषा दाखवण्याचा आग्रह हे सारे पापुद्रा बसवणाऱ्या कारागिराच्या निवडीशी नाते सांगणारे आहे. मात्र त्या संथपणामागे समाधानापेक्षा क्रांतीच्या धक्क्यानंतरची सावरण्याची धडपड अधिक आहे. रूपाचे साम्य मान्य करूनही मनोवृत्तीचे समीकरण येथे नाकारावे लागते.

म्योरिके यांची १८४६ मधील दिव्यावरची छोटी कविता हे तिसरे उदाहरण. जवळजवळ विस्मृत झालेल्या एका विलासकक्षात टांगलेला सुंदर दिवा हा तिचा विषय. तिच्या अखेरच्या ओळीतील एका क्रियापदाचा अर्थ 'भासणे' की 'प्रकाशणे', यावर १९५०–५१ मध्ये एमिल श्टायगर आणि मार्टिन हायडेगर यांच्यात प्रसिद्ध वाद झाला आणि लिओ श्पित्सर यांनीही त्यात भाग घेतला. वस्तूच्या ओळखीचा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपण्याचे इतके नितळ उदाहरण विरळा. सौंदर्य वस्तूत प्रकाशते, की पाहणाऱ्याला तसे भासते? शैलीची लक्षणे ओळखणाऱ्यापुढचा प्रश्नही नेमका हाच आहे.

७

मराठी समीक्षेला हा विचार परका वाटू नये. आकृतिबंधासाठी मराठी समीक्षकांनी वापरलेला 'घाट' हा शब्द भांड्याच्या आणि दागिन्याच्या घडणीलाही लागू होतो. शब्दातच वस्तू आणि वाङ्मय यांचे नाते मुरलेले आहे. हा शब्द दुसऱ्या स्तरावरचा आहे, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह आहे : घाट पाहता येतो, दाखवता येतो, त्याबद्दल वाद घालता येतो. याउलट कालखंडांच्या नावांबाबत मराठीतही तिसऱ्या स्तराची भुरळ पडलेली दिसते. १८१८ नंतरच्या सुमारे अर्धशतकाला 'अव्वल इंग्रजी' म्हटले की त्या काळातील लेखनात अनुकरण, प्रबोधन आणि गद्याची बालावस्था शोधण्याकडे कल आपोआप झुकतो. त्याच काळात जुन्या वळणाने चालू राहिलेले पुष्कळसे लेखन मग अव्याप्तीच्या दोषाला बळी पडते. नाव राजवटीवरून आले असो वा विडंबनावरून, ते वस्तूच्या आधी बोलू लागले की ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

या साऱ्या विवेचनातून निष्पन्न होणारा निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. फर्निचरशैलीची संज्ञा साहित्याला लावताना तिच्यासोबत कोणत्या स्तरावरची लक्षणे येत आहेत हे तपासले पाहिजे. घडणीची लक्षणे साहित्यात येऊ शकत नाहीत; त्यांची जागा तेथे छपाई, नियतकालिके, परिनिरीक्षण यांच्या पुराव्याने घ्यावी लागते. वीस फर्म्यांहून, म्हणजे ३२० पृष्ठांहून, मोठ्या ग्रंथांना जर्मन राज्यसंघात पूर्वपरिनिरीक्षणातून मिळालेली सूट ही लेखनाच्या आकारावर तितकाच ठोस परिणाम करणारी बाब होती, जितकी करवतीची जात पापुद्र्याच्या जाडीवर. रूपाच्या निवडी येऊ शकतात आणि त्यांचीच तुलना व्हावी. मनोवृत्ती मात्र प्रत्येक कृतीतून नव्याने सिद्ध करावी लागते. ती शैलीच्या नावावर उसनी घेता येत नाही.

ग्रिलपार्त्सर यांनी १८३८ मधील नाट्यप्रयोगाच्या अपयशानंतर रंगभूमीकडे पाठ फिरवली आणि तीन पूर्ण नाटके प्रकाशित न करता ठेवली. ती १८७२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशात आली. बीडरमायर काळातील लिहिण्याच्या कपाटाला झडप असे, आत छोटे स्तंभ आणि आरसे असत, आणि अनेकदा गुप्त खणही असत. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पापुद्र्याची शांत ज्वाला आणि किल्लीचे भोक दिसे. 'डेर आर्मे श्पीलमान'च्या शेवटी निवेदक याकोबचे व्हायोलिन विकत मागतो, तेव्हा बार्बारा ते भिंतीवरून काढते, त्यावरील धूळ फुंकते, खणात ठेवते आणि कोणी हिरावून नेईल अशा भीतीने खण ढकलून त्याला कुलूप लावते. मग तिच्या डोळ्यांत अश्रू दिसतात. समाधानी मास्तराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काळाचे वाचन त्या बंद खणाला वगळून करता येणार नाही.